विजेला दुसरा दुकानदार आला तर?

मैत्रिणींनो, भेंडी महाग वाटली की आपण पुढच्या गाडीवर जातो. वाण्याची डाळ खराब निघाली तर पुढच्या महिन्याची यादी दुसऱ्या दुकानात जाते. विजेच्या बाबतीत मात्र हे जमत नाही. आपल्या द्रोणागिरीत, उरणमध्ये घरोघरी वीज देते ती महावितरण. म्हणून कोणी म्हणाले, "आणखी एक कंपनी येऊ द्या, चढाओढ लागली की दर आपोआप उतरतील," तर आपल्याला ते चटकन पटते. पण पटवून घेण्याआधी जरा हिशेब मांडून पाहू या.

ही नुसती गप्पांतली गोष्ट नव्हे बरं का! २०२२ साली अदानी समूहाच्या कंपनीने मुलुंड, भांडुप, नवी मुंबई, पनवेल आणि आपल्या उरणसाठी समांतर वितरणाचा परवाना मागितला. त्याविरुद्ध ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातले वीज कर्मचारी ७२ तासांच्या संपावर गेले. उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी बोलणी झाल्यावर तो त्याच दिवशी मागे घेतला गेला. कर्मचाऱ्यांचे म्हणणे असे होते की खासगी कंपनी शहरातले पैसेवाले ग्राहक उचलील आणि खेडी, शेतीपंप महावितरणच्या गळ्यात राहतील.

यात तथ्य किती? विजेच्या दरातली मेख इथेच आहे. आपल्याकडे कारखाने आणि मोठी दुकाने युनिटला जास्त पैसे भरतात. त्यामुळे शेतीपंपाला आणि महिन्याला १०० युनिटांच्या आत भागवणाऱ्या घराला वीज कमी दरात मिळते. एकत्र कुटुंबात जास्त मिळवणारा भाऊ जास्त खर्च उचलतो ना, तसेच हे. तो वेगळा निघाला तर त्याचे बरे होईल, पण मागे राहिलेल्यांचा खर्च कोण भागवणार?

आपल्या तालुक्यातलेच उदाहरण घ्या. घारापुरीची लेणी बघायला जगभरचे लोक येत, पण तिथल्या गावांना जनरेटरच्या काही तासांच्या विजेवर संध्याकाळ काढावी लागे. २०१८ साली महावितरणने समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकली आणि बेटावर कायमची वीज आली. खर्च सुमारे २५ कोटी रुपये. तिथल्या थोड्याशा घरांच्या बिलांतून हा पैसा कधी वसूल व्हायचा? केवळ नफा पाहणारा दुकानदार तिथे गेला असता का?

म्हणून सरकारी कंपनीचे सगळे गोड मानायचे, असेही नाही. एकटाच दुकानदार असला की गिऱ्हाइकाला विचारतो कोण? वीज गेल्यावर फोन लावून लावून बोटे दुखलेल्या बायका काही थोड्या नाहीत. पर्याय असावा, ही इच्छा मुळीच चुकीची नाही.

मुंबईच्या उपनगरांत असा पर्याय येऊन गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर तिथे टाटांना घरोघरी वीज विकण्याची वाट मोकळी झाली. २००९ पासून ग्राहकांना रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेता येऊ लागली. पुष्कळांची बिले उतरली. पण तारा ज्याच्या, त्याला वहन आकार द्यावाच लागतो. शिवाय कोणते ग्राहक कोणी घ्यायचे यावरून तंटा लागला. २०१२ साली आयोगाने सांगितले की टाटांनी महिना ३०० युनिटांपर्यंतचेच ग्राहक वळवून घ्यावेत. त्यावर पुन्हा अपिले झाली. म्हणजे दोन दुकाने झाली तरी पंच लागतोच!

हा पंच म्हणजे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. तो १९९९ साली स्थापन झाला. पुढे २००३ च्या विद्युत कायद्यानंतर, ६ जून २००५ रोजी जुन्या वीज मंडळाची फोड झाली. महानिर्मिती वीज तयार करते. बोकडविऱ्याचे गॅसवरचे वीज केंद्र तिचेच. महापारेषण ती वीज वाहून नेते आणि महावितरण आपल्याला विकते. कंपनी सरकारी असो वा खासगी, घरगुती विजेला किती दर लावायचा ते आयोग ठरवतो. आणि दर ठरवण्यापूर्वी लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेणे कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे.

खरे सांगायचे तर आपली ताकद इथे आहे. दरवाढीची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते, ती आपण पान उलटून सोडून देतो. पुढच्या वेळी ती कापून ठेवा. आपली हरकत मराठीत, साध्या शब्दांत लिहा. भिशीच्या दिवशी चौघींनी मिळून लिहिली तर आणखी चांगले. बिल आले की फक्त शेवटचा आकडा बघू नका. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क असे एकेक वाचा. चूक वाटली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे.

उद्या दुसरी कंपनी दारात आली तर तिला तीनच प्रश्न विचारा. तारा कोणाच्या वापरणार? पलीकडच्या पाड्यालाही वीज देणार का? आणि पहिल्या वर्षाचा दर दुसऱ्या वर्षी टिकणार का? उत्तरे लेखी मागा. वीज कोणाची घ्यायची ते मग ठरवा.