तलाव भरला, पण कशाने?

पवई तलाव ओसंडून वाहू लागल्याची बातमी मुंबईच्या पावसाळ्यात ठरलेली असते आणि तिच्यातील आकडेही ठरलेलेच असतात. तलावाचे बांधकाम १८९० मध्ये पूर्ण झाले, त्यासाठी सुमारे १२ लाख ५९ हजार रुपये खर्च आला, पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर आहे, तलाव काठोकाठ भरला की पाण्याचा विस्तार २.२३ चौरस किलोमीटर व साठा ५४५ कोटी लीटर होतो आणि जादा पाणी मिठी नदीला जाऊन मिळते. या आकड्यांनंतर, बहुधा शेवटच्या वाक्यात, हे पाणी पिण्यायोग्य नसल्याने ते आरे दुग्धवसाहतीसाठी व औद्योगिक कामांसाठी वापरले जाते, अशी माहिती येते. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या तलावाचे पाणी पिता येत नाही, ही खरे तर मूळ बातमी आहे. परंतु ती तळटीपेसारखी वाचली जाते, कारण तलाव किती भरला हे मोजण्याची सवय यंत्रणेला आहे आणि कशाने भरला हे सांगण्याची नाही.

त्याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. साठ्याला विस्ताराने भागले, तर भरलेल्या तलावाची सरासरी खोली जेमतेम अडीच मीटर येते, आणि त्यात वर्षानुवर्षे साचलेला गाळ जमेस धरला तर ती आणखी कमी भरेल. म्हणजे पवई हे शास्त्रीय अर्थाने उथळ सरोवर आहे. उथळ सरोवरात तळाचा गाळ आणि पृष्ठभाग यांत फारसे अंतर नसते, वारा सुटला की गाळ ढवळतो आणि गाळात मुरलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. गोड्या पाण्यातील हिरवाईची वाढ बहुतांशी या फॉस्फरसवर अवलंबून असते. कॅनडातील शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांनी एका सरोवराचे पडदा घालून दोन भाग केले, दोन्हींत कार्बन व नायट्रोजन सोडला, पण फॉस्फरस एकाच भागात सोडला. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तोच भाग हिरवागार झाला. सांडपाण्यातून आणि धुण्याच्या पावडरींतून तलावात येणारा हा पदार्थ डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती त्याच्यावर पोसलेली जलपर्णी.

जलपर्णीच्या बाबतीत मोजमापाचा घोळ अधिक ठळक होतो. ती काढण्याच्या कामाचा हिशेब टनांत दिला जातो, आणि ताज्या जलपर्णीच्या वजनात ९० ते ९५ टक्के पाणीच असते. तेव्हा शेकडो टन जलपर्णी काढली याचा अर्थ मुख्यतः तलावातून शेकडो टन पाणी उचलून बाहेर ठेवले, एवढाच होतो. काढलेला ढीग काठावरच कुजला तर त्यातील पोषक द्रव्ये पावसाबरोबर परत आत जातात, आणि अनुकूल हवेत काही आठवड्यांत दुप्पट होणारी ही वनस्पती पुन्हा पसरते. टन, यंत्रे, खर्चाचे कोटी हे सारे कामाचे मोजमाप आहे. तलावाच्या प्रकृतीचे नव्हे.

प्रकृतीचे मोजमाप महागच असले पाहिजे, असे नाही. या क्षेत्रातील सर्वांत जुने आणि आजही निवृत्त न झालेले साधन म्हणजे दोरीला बांधलेली एक तबकडी. अँजेलो सेक्की हे रोमच्या वेधशाळेचे प्रमुख, जेसुइट धर्मगुरू आणि ताऱ्यांचे त्यांच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून वर्गीकरण करणारे खगोलशास्त्रज्ञ. १८६५ मध्ये पोपच्या नौदलातील एका जहाजावरून त्यांनी भूमध्य समुद्रात वेगवेगळ्या आकारांच्या व रंगांच्या तबकड्या सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात याच्या नोंदी घेतल्या. पुढे सरोवरांसाठी काळ्या-पांढऱ्या चतकोरांची, २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी रूढ झाली. दुपारच्या सुमारास नावेच्या सावलीकडील बाजूने ती सोडायची, दिसेनाशी होते ती खोली टिपायची, वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली टिपायची आणि दोहोंची सरासरी घ्यायची. वीज, प्रयोगशाळा किंवा निविदा यांपैकी कशाचीही गरज पडत नाही.

या साध्या खोलीला अर्थ देण्याचे काम अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट कार्लसन यांनी १९७७ मध्ये केले. सरोवर किती पोसले गेले आहे, म्हणजे त्यात पोषक द्रव्ये आणि शेवाळ किती आहे, हे सांगणारा त्यांचा निर्देशांक असा बेतलेला आहे की तबकडी दिसण्याची खोली निम्मी झाली की निर्देशांक १० ने वाढतो. दोन मीटरला ५०, एक मीटरला ६०, अर्ध्या मीटरला ७०. ५० च्या पुढचे सरोवर साधारणपणे अतिपोषित मानले जाते. एका हिरव्या तलावाची तक्रार ‘पाणी खराब झाले’ एवढीच राहते, पण ‘गेल्या वर्षी तबकडी मीटरभर दिसत होती, यंदा अर्धा मीटर’ या वाक्याला उत्तर द्यावे लागते.

असे उत्तर एका शहराने दिलेले आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरालगतच्या वॉशिंग्टन सरोवरात १९५५ मध्ये सांडपाण्यावर वाढणारे एक नीलहरित शेवाळ आढळले, तेव्हा डब्ल्यू. टी. एडमंडसन या प्राध्यापकांनी पुढे काय होणार याचा स्पष्ट इशारा दिला. १९५८ मध्ये नागरिकांनी मतदानाने सांडपाण्याच्या एकत्रित व्यवस्थेला मंजुरी दिली आणि १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी सरोवरापासून टप्प्याटप्प्याने वळवण्यात आले. साठच्या दशकात जेमतेम मीटरभर खोलीपर्यंत दिसणारी तबकडी सत्तरच्या दशकाच्या आरंभी सुमारे तीन मीटरपर्यंत दिसू लागली. शेवाळ उपसत बसण्याऐवजी तेथे नळाचे तोंड बंद केले गेले. अर्थात ते सरोवर खोल आहे. पवईसारख्या उथळ तलावात सांडपाणी थांबल्यावरही गाळातील जुना फॉस्फरस काही वर्षे हिशेब वसूल करीत राहील, आणि म्हणूनच तेथे दीर्घकाळच्या नोंदींची गरज अधिक आहे.

तबकडीचे कौतुक करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. पावसाळ्यात डोंगरउतारावरची माती वाहून आली की शेवाळ नसतानाही ती लवकर दिसेनाशी होते. उलट, जलपर्णीच्या दाट आच्छादनाखाली प्रकाशच पोहोचत नसल्याने शेवाळ वाढत नाही, आणि आच्छादन बाजूला सारून तबकडी सोडली तर पाणी फसवे स्वच्छ दिसू शकते, जरी त्यात माशाला श्वास घेण्याइतका प्राणवायू उरलेला नसला तरी. म्हणून पारदर्शकतेच्या जोडीला विद्राव्य प्राणवायू, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मोजावा लागतो.

हे मोजमाप नियमांत आहेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात वन्यजीव व मत्स्यपालनासाठीच्या पाण्यात लीटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विद्राव्य प्राणवायू अपेक्षित आहे. प्रश्न घड्याळाचा आहे. शेवाळ दिवसा प्रकाशसंश्लेषण करून पाण्यात प्राणवायू सोडते आणि रात्री इतर सजीवांप्रमाणे तो वापरते. परिणामी शेवाळाने भरलेल्या तलावात दुपारी प्राणवायू भरपूर आढळतो आणि पहाटे तो तळाला गेलेला असतो. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, मेलेले मासे सकाळी काठाला लागतात, आणि कचेरीच्या वेळेत घेतलेला नमुना सारे आलबेल असल्याचे सांगतो. सूर्योदयापूर्वीचा एक नमुना दुपारच्या दहा नमुन्यांपेक्षा अधिक खरे बोलतो.

वनस्पतींकडे केवळ शत्रू म्हणून पाहण्याची सवयही तपासून घ्यावी लागेल. नेदरलँड्सचे मार्टेन शेफर यांनी नव्वदच्या दशकात उथळ सरोवरांविषयी मांडलेला सिद्धान्त सांगतो की अशा सरोवराच्या दोन स्थिर अवस्था असू शकतात: एक स्वच्छ, जिच्यात तळाशी रुजलेल्या पाणवनस्पती गाळ धरून ठेवतात, आणि दुसरी गढूळ, जिच्यात शेवाळाचे राज्य असते. पहिलीतून दुसरीत घसरणे सोपे आणि परतणे कठीण असते. त्यामुळे ‘वनस्पती काढल्या’ ही नोंद अपुरी ठरते. तरंगती जलपर्णी किती आणि तळाशी रुजलेल्या वनस्पती किती, हे वेगवेगळे लिहिले गेले पाहिजे. तरंगत्या आच्छादनाचा विस्तार उपग्रहाच्या विनामूल्य चित्रांवरूनही काढता येतो, फक्त पावसाळी ढग आड येतात.

माशांच्या बाबतीत ‘मासे आहेत, म्हणजे पाणी चांगले’ हा समज सर्वांत चिवट आहे. मरळ थेट हवेतून श्वास घेऊ शकते. आफ्रिकेतून आलेली आणि १९५२ मध्ये भारतात आणली गेलेली चिलापी कमी प्राणवायूतही तग धरते. तेव्हा जाळ्यात मासळी भरपूर, पण ती सारी याच जातींची, असे चित्र दिसले तर तो सुबत्तेचा नव्हे, ऱ्हासाचा पुरावा आहे. पवईच्या मगरींचेही असेच आहे. त्यांचे असणे आनंदाचे असले तरी हवेत श्वास घेणारा प्राणी पाण्यातील प्राणवायूचे प्रमाणपत्र देऊ शकत नाही. उपयोगी नोंद ती, जिच्यात जाळे तेच, त्याचा आस, म्हणजे जाळीच्या घराचा आकार, तोच, जाळे पाण्यात ठेवण्याचे तास तेवढेच, आणि दर वेळी जातवार संख्या व लांबी लिहिलेली. त्याच वेळी किती बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, बाहेरून आणून सोडली हेही नोंदले पाहिजे, अन्यथा मोजला जातो तो तलाव नव्हे, मत्स्यबीज केंद्राचा पुरवठा.

काठावरील सायकल मार्गाचे काम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवले, तेव्हा तलावाच्या काठाविषयी शहर जागे झाले; पाण्याविषयीची जाग अद्याप जलपर्णीच्या छायाचित्रांपुरतीच आहे. त्यासाठी महागड्या संवेदकांची माळ पाण्यात सोडण्याच्या घोषणा होण्याआधी, दर पंधरवड्याला त्याच जागी, त्याच वेळी घेतलेल्या चार नोंदी पुरेशा आहेत: तबकडीची खोली, पहाटेचा प्राणवायू, आच्छादनाचा विस्तार आणि ठरावीक जाळ्यातील जातवार मासे. यांतील प्रत्येक नोंद एकटी फसवू शकते, पण चौघी मिळून एकमेकींचे खोटे पकडतात. तलाव ओसंडला त्या दिवसाच्या पत्रकात ५४५ कोटी लीटरच्या पुढे त्या आठवड्यात तबकडी किती सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली हा आकडा छापला जाऊ लागला, तर मिठीत नेमके काय ओसंडत आहे याचा अंदाज वाचकांना येईल, आणि १८९० पासून न बदलणाऱ्या बातमीत दरवर्षी बदलणारी निदान एक ओळ असेल.