नोंदवहीतून धोरणाकडे

थंड पडलेले, दूध ओढणे सोडलेले अर्भक बालरोगतज्ज्ञाकडे येते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. आपण त्याला वाचविण्याची शर्थ करतो. परंतु ते इतक्या उशिरा का आले, हा प्रश्न केसपेपरवर उतरत नाही. वस्तुतः धोरणाचा आरंभ त्याच प्रश्नापासून होतो.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत हा प्रश्न गावात जाऊन विचारला. त्यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकाची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे, इतकेच नव्हे तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणेही त्या शिकल्या. तुलनेसाठी ४७ गावांतील जन्ममृत्यूही नोंदले गेले. तिसऱ्या वर्षी, त्या गावांच्या तुलनेत, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात सेवा देण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. मध्ये बारा वर्षे गेली. शासनदरबारी तज्ज्ञाच्या पदवीपेक्षा मोजलेले सत्य अधिक बोलते. मात्र ते वर्षानुवर्षे सांगत राहावे लागते.

आपला प्रदेशही आदिवासीबहुल आहे. येथे विधानसभा नाही. आरोग्य खाते, प्रशासक, जिल्हा पंचायत आणि लोकसभेतील खासदार हीच आपल्या म्हणण्याची दारे. किलवणी, खानवेल, दुधनी येथील पाड्यांवरून उशिरा आलेल्या प्रत्येक बाळाची पाच ओळींची नोंद आपण ठेवू शकतो: गाव, बाळाचे वय, आजाराचे पहिले लक्षण, निघण्यास लागलेला वेळ, मिळालेले वाहन. सरकारी व खाजगी डॉक्टरांनी दर तिमाहीस नावे वगळून या नोंदी एकत्र कराव्यात, आशाताईंचे म्हणणे ऐकावे आणि एकाच मागणीचे, खर्चाच्या अंदाजासह, एका पानाचे निवेदन द्यावे. उत्तर न आल्यास पुढच्या तिमाहीत पुन्हा जावे.

एक पथ्य मात्र पाळावे. मागणीत आपल्या व्यवसायाचा लाभ मिसळू देऊ नये. तसे झाल्यास सारी विश्वासार्हता एका दिवसात संपते.

उपचाराने समोरचे बाळ वाचते. जे बाळ आपल्या दारापर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या वतीने बोलणे हेही वैद्यकीय कर्तव्यच होय.