कोपर असलेला माकूल

तीस वर्षं मी रत्नागिरीत प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. माकूल शिकवायचा दिवस असला की सकाळीच मिरकरवाडा बंदरावर जायचं, ताजे माकूल आणायचे आणि प्रत्येकाच्या ट्रेमध्ये एकेक ठेवायचा. आधी बोटांनी चाचपा, मग कात्री लावा, हा माझा नियम. आतली काचेसारखी पाती ओढून काढली, शाईची पिशवी न फोडता सोडवली, तीन हृदयं मोजली, की प्राणी कळला असं मी धरून चालायचे.

निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक चित्रफीत पाठवली. हा मुलगा तेलविहिरींवर पाण्याखालचे रोबो चालवतो. फीत २००७ सालची, मेक्सिकोच्या आखातातली, सुमारे २४०० मीटर खोलीवर तेल कंपनीच्या रोबोने टिपलेली. काळ्या पाण्यात एक लहानसं धड तरंगतंय, दोन मोठे पर संथ हलताहेत. खाली दहा बाहू आधी आडवे बाहेर आलेत आणि मग काटकोनात वळून सरळ खाली लोंबताहेत. ‘मॅडम, याला कोपर आहेत,’ असं त्याने खाली लिहिलं होतं.

हाडच नाही तिथे कोपर कुठून येणार? माकलाचा बाहू म्हणजे नुसता स्नायू. या प्राण्यात बाहूचा बुडाकडचा भाग जाड असतो, तो स्नायूंच्या ताकदीवर आडवा ताठ धरता येतो. पुढचा भाग दोऱ्यासारखा बारीक. जिथे जाड भाग संपतो आणि दोरा सुरू होतो, तिथे वळण पडतं. तेच आपल्याला कोपर दिसतं. आपल्या बाजारातल्या माकलाला आठ बाहू आणि दोन लांब शुंडकं असतात. ती शुंडकं सुटून भक्ष्यावर झडप घालतात. इथे दहाही अवयव सारखेच दिसतात, शुंडक कुठलं ते ओळखू येत नाही.

या प्राण्याच्या कुलाचं नाव मॅग्नापिनिडी, म्हणजे मोठ्या परांचे. मायकेल वेकिओन आणि रिचर्ड यंग यांनी १९९८ साली ते कुल मांडलं. पण त्यांच्यापुढे होती ती फक्त पिल्लं, हवाई आणि कॅलिफोर्नियाजवळ सापडलेली, जेमतेम बोटभर. धडाच्या मानाने पर अवाढव्य आणि बाहूंची टोकं किड्यासारखी बारीक, एवढ्यावरून ती वेगळी काढली. अझोर्स बेटांजवळचा एक फाटका नमुना तर १९०७ पासून दुसऱ्याच नावाखाली पडून होता. त्याचं खरं घर पुढे शंभरेक वर्षांनी कळलं.

प्रौढ प्राणी मात्र पाणबुड्यांना दिसत होते. १९८८ साली ब्राझीलजवळ ४७३५ मीटरवर फ्रेंच ‘नॉटील’ला, १९९८ साली मॉरिशसच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्याच हिंदी महासागरात, जपानच्या ‘शिनकाई ६५००’ला. ही विखुरलेली दर्शनं २००१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एकत्र आली. पर आणि बाहूंची टोकं जुळवून, ही त्या पिल्लांची मोठी रूपं असावीत असं तिथे मांडलं गेलं. एका प्राण्याची लांबी अंदाजे सात मीटर धरली होती. पुढे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला पाच माकूल दिसले. त्यातला एक दोन लेझर किरणांच्या मापाने मोजला, तो भरला १.८३ मीटर. त्यातलं धड होतं वीतभरापेक्षा कमी, बाकी सगळे दोरे! तिथेच एकाने आपले दोरे गुंडाळून वर घेतलेलेही दिसले. फिलिपाइन्सच्या गर्तेत तर हे कुल ६२१२ मीटरवर आढळलंय.

खातो काय? अजून कुणी त्याला खाताना पाहिलेलं नाही. काहींचे बाहू पाणबुडीला लागले तेव्हा चिकटून बसले, सोडवताना त्यांना त्रास झाला. म्हणून दोरे पाण्यात पसरून, येऊन अडकेल ते खायचं, किंवा तळावरून ओढत न्यायचे, असे दोन तर्क आहेत. मला पहिला पटतो. तिथे अन्न तुरळक. पाठलागावर शक्ती घालवणं परवडणारं नाही.

या कुलातला प्रौढ प्राणी अजून कुणाच्या ट्रेमध्ये आलेला नाही. जे काही कळलं ते कॅमेऱ्यातून, आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्याच कामासाठी खाली गेलेल्या माणसांमुळे. मी ती फीत आता कितीदा तरी पाहिलीय, आणि दरवेळी हात शिवशिवतात.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातही खोल पाण्यात तेल-वायूच्या विहिरी आहेत. तुमच्या घरातलं कुणी तिथे रोबोच्या पडद्यासमोर बसत असेल, तर त्याला एवढं सांगा: पाइपाच्या बाजूला काही तरंगताना दिसलं तर कॅमेरा दोन मिनिटं तिथेच धर, खोली आणि तारीख लिहून ठेव, आणि कंपनीची परवानगी मिळाली की ती फीत सागरशास्त्रज्ञांकडे पाठव.