मत्राच्या बाजारात

मस्कतमध्ये आम्ही २०१६ ते २०१८ अशी दोन वर्षं राहिलो. यजमानांची नोकरी तिथं, आणि मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेतलेली. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठचा. घरचा बाजार मॉलमधून. प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवलेली, तोंड उघडायची गरजच नाही. मुलांना ते फार आवडायचं. मला मात्र रविवार पेठ आठवायची.

एका शुक्रवारी संध्याकाळी दोघांना घेऊन मत्राच्या सूकमध्ये गेले. सूक म्हणजे बाजार. समुद्राकाठच्या रस्त्यावरून आत शिरलं की अरुंद गल्ल्या, वर छप्पर. ऊन आत येत नाही म्हणून याला ‘अंधाराचा बाजार’ही म्हणतात. नाकात आधी शिरतो तो लुबानचा धूर. दक्षिणेकडच्या धोफार भागात झाडाच्या सालीला चिरा देतात, पाझरलेला चीक वाळला की त्याचे खडे होतात. आपल्याकडे तिन्हीसांजेला ऊद घालतात, तसा तिथं हा जाळतात. हिरवट झाक असलेला खडा सगळ्यांत महाग.

मुलांना गंमत वाटली ती पैशांची. एका रियालचे हजार बैसे. बैसा म्हणजे आपला पैसाच. अरबीत ‘प’ नाही. मस्कतमध्ये १९७० पर्यंत रुपयाच चालायचा, आणि १९५९ पासून आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. (मी इतिहास शिकवते, त्यामुळे हे सांगताना जरा लांबलेच.)

लुबानच्या दुकानात मी हिंदीत भाव पाडायला सुरुवात केली. आपण मराठीत याला घासाघीस म्हणतो, कन्नडमध्ये ‘चौकाशी’. मराठीतली चौकशी वेगळी, पण दोन्ही मी एकदमच करत होते. मुलगा कानात म्हणाला, “आई, चल ना, सगळे बघतायत.” मी लक्ष दिलं नाही. अर्ध्या रियालवरून शब्द चालला होता. वळून बघते तर तो शेजारी नाही.

पुढची दहा मिनिटं मी कशी काढली ते सांगता येणार नाही. सगळ्या गल्ल्या सारख्याच. मुलीचा हात इतका घट्ट धरला होता की ती कळवळली. शेवटी तिलाच तो दिसला. ओमानी टोप्यांच्या, म्हणजे कुम्म्यांच्या दुकानात, स्टुलावर बसलेला. बाजारात चुकलास तर हिंडू नकोस, एका दुकानात बसून राहा, हे त्याला शनिवार खुटाला नेताना अज्जीनं शिकवलेलं.

दुकानदार भटकळचा. हिंदीत विचारलं तर पोरगा गप्प. मग त्यानं सहज विचारलं, “निन्न हेसरू एनप्पा?” आणि घरात अज्जीला इंग्रजीतून उत्तरं देणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी नाव, गाव, शाळा, सगळं कन्नडमध्ये सांगून टाकलं.

“अक्का, हेदरबेडरी,” दुकानदार मला म्हणाला आणि पाण्याची बाटली पुढं केली. मी तिथंच बसले. रागवायचं होतं, पण घशातून शब्द फुटेना. आणि तेवढ्यात मुलगा डोक्यावर एक कुम्मा चढवून म्हणतोय, “अंकल, स्वल्प कम्मी माडरी!” दोन रियालची टोपी त्यानं दीडला घेतली.

बेळगावला परतल्यावर ती त्यानं अज्जीला दाखवली. अज्जीनं उलटसुलट करून शिवण पाहिली आणि विचारलं, “एष्टक्क तगोंडी?”