विश्लेषण : लाखाच्या पुढे धावलेली छोटी कार घेताना काय तपासावे?

कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की अनेक घरांत गाडीचा विषय निघतो. नव्या गाडीचा हप्ता झेपणारा नसतो. मग लाख-सव्वा लाख किलोमीटर धावलेली अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट किंवा आय-१० पाहायला सुरुवात होते. बाहेरून चकाचक दिसणारी गाडी दोन महिन्यांत गॅरेजमध्ये गेली, तर हंगामाची कमाई तिच्यातच जिरते. कागद अपुरे असतील तर प्रश्न त्याहून मोठा होतो. म्हणून इसार देण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासाव्यात, याविषयी.

जिल्ह्यात छोट्या कारची गरज का वाढली?

यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ‘शकुंतला’ बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पण जिल्ह्याचा बहुतेक प्रवास आजही रस्त्यानेच होतो. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. उमरखेड, पुसद, महागावकडून रुग्ण घेऊन नागपूर गाठायचे तर अंतर आणखी वाढते. अशा वेळी दारात उभी असलेली गाडी भरवशाची असावी लागते. म्हणूनच ती घेताना रंगापेक्षा इंजिन आणि कागद महत्त्वाचे.

जास्त रनिंग म्हणजे खराब गाडी का?

तसे नाही. नागपूर-तुळजापूर किंवा पांढरकवड्यावरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गावर एका वेगात धावलेली, वेळेवर ऑइल बदललेली सव्वा लाखाची गाडी, गावातल्या गावात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर फिरलेल्या साठ हजाराच्या गाडीपेक्षा चांगली असू शकते. वारंवार थोड्या अंतरावर चालणाऱ्या गाडीचे इंजिन पुरेसे तापत नाही, क्लच-ब्रेक जास्त झिजतात. फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर, रबरी पाइप आणि बॅटरी खराब होते. त्यामुळे ‘किती धावली’ याच्यासोबत ‘कशी धावली आणि सर्व्हिसिंग कुठे झाले’ हे विचारावे.

मीटरवरचा आकडा खरा कसा ओळखावा?

डिजिटल मीटरही मागे फिरवता येते. म्हणून आकड्यावर नव्हे, हिशेबावर विश्वास ठेवावा. समजा, दहा वर्षांच्या गाडीचे मीटर ५२ हजार दाखवते आणि मालक रोज येऊन-जाऊन ४० किलोमीटर नोकरीला जात होता. वर्षाचे २५० दिवस धरले तरी वर्षाला १० हजार आणि दहा वर्षांत एक लाख किलोमीटर होतात. म्हणजे आकडा जुळत नाही.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी गेली असेल तर तिथे प्रत्येक वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात. विक्रेत्यालाच तो इतिहास काढून आणायला सांगावे. जुनी सर्व्हिस बिले आणि ऑइल बदलल्याचे स्टिकर पाहावे. स्टिअरिंग गुळगुळीत झालेले, क्लच-ब्रेकच्या पॅडलचे रबर झिजलेले, चालकाची सीट बसलेली आणि मीटरवर मात्र ४५ हजार, असे असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

गाडी सुरू करण्यापूर्वी काय पाहावे?

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे, ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ आधीच गरम केलेल्या इंजिनमध्ये सकाळची अडचण लपते. बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करावी. मग ऑइलचे झाकण उघडावे. आत दुधाळ, चिकट थर जाड असेल तर ऑइलमध्ये पाणी गेल्याचा संशय येतो. हेड गॅस्केटचे काम निघू शकते. कूलंट गंजाच्या रंगाचे किंवा तेलकट नसावे. गरम इंजिनचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

सुरू केल्यावर सायलेन्सरकडे पाहावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता असते. डिझेल गाडीत दाट काळा धूर असेल तर इंजेक्टर, टर्बो आणि एअर फिल्टर तपासून घ्यावे लागतात.

टायमिंग बेल्ट की चेन, हेही विचारावे. जुन्या ७९६ सीसी अल्टोमध्ये बेल्ट आहे, तर स्विफ्टच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनमध्ये चेन. बेल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरवर बदलावाच लागतो. तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टनचे नुकसान होते. बेल्ट बदलल्याचे बिल नसेल, तर तो बदललेला नाही असे समजून त्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक पेट्रोल गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत. अशा गाडीचे इंधनाचे रबरी पाइप चिरलेले आहेत का, पेट्रोलचा वास येतो का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

चालवून पाहताना कशाकडे लक्ष द्यावे?

किमान १५-२० किलोमीटर गाडी चालवावी. त्यात थोडा महामार्ग, थोडा खड्ड्यांचा रस्ता असावा. रेडिओ बंद आणि काचा खाली ठेवाव्यात. खड्ड्यात ‘खट्’ आवाज आला तर लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड किंवा शॉकअप झिजलेले असू शकतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरताना ‘कटकट’ ऐकू आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट पाहावा. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, असे झाले तर क्लच प्लेट संपत आली आहे. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढता कामा नये.

विदर्भाच्या उन्हाळ्यात एसी आणि रेडिएटरचा पंखा या चैनीच्या गोष्टी नाहीत. एसी लावून गाडी १५ मिनिटे उभी ठेवावी. तापमानाचा काटा वर चढत गेला किंवा पंखा सुरूच झाला नाही, तर मे महिन्यात ही गाडी रस्त्यात उभी राहील.

टायरच्या कडेवर चार आकड्यांचा कोड असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. एकाच बाजूने झिजलेला टायर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनमधला दोष सांगतो. खोबणी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर टायर बदलणे भागच आहे.

अपघाताची किंवा पुराची गाडी कशी ओळखावी?

दारे, बॉनेट आणि डिकीच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या असाव्यात. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी उघडले गेले आहेत. स्टेपनी काढून खालचा पत्रा पाहावा. तिथे सुरकुत्या किंवा नवे वेल्डिंग दिसले तर मागून धडक बसलेली असू शकते. गाडी रॅम्पवर चढवून खालची बाजू पाहणे सर्वांत चांगले.

जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत यवतमाळ जिल्ह्यात नदी-नाल्यांचे पाणी वस्त्यांत शिरले होते. पुराचे पाणी लागलेली गाडी धुऊन-पुसून विकली जाऊ शकते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा; आत चिखलाची रेघ किंवा डाग असतील तर शंका घ्यावी. सीटखालच्या रुळांवरचा गंज, मॅटखालचा कुबट वास आणि फ्यूज बॉक्समधली माती याही खुणा आहेत. अशा गाडीचे वायरिंग पुढे कधीही दगा देऊ शकते.

कोणते कागद पाहावेत?

आरसीवरचा चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः जुळवावा. गाडी कितव्या मालकाकडे आहे, विमा आणि पीयूसी चालू आहे का, हे ‘एम-परिवहन’ ॲपवर दिसते. ई-चलन पोर्टलवर थकीत दंड पाहावा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो आरसीवरून उतरवून घ्यावा. बाहेरून सीएनजी किट बसवले असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट बसवली आहे का, तेही विचारावे.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. गाडी तेरा-चौदा वर्षांची असेल तर लवकरच तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागेल. नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांचे होते.

बाहेरच्या पासिंगची स्वस्त गाडी घ्यावी का?

यवतमाळचे पासिंग एमएच २९. अमरावती, नागपूर किंवा चंद्रपूरची गाडी राज्यातलीच असल्याने रस्ता कराचा प्रश्न सहसा येत नाही. मात्र तेलंगणा किंवा दिल्लीची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथे नव्याने कर आणि नवा क्रमांक हे सगळे लागते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात. कराचा आणि फेऱ्यांचा खर्च मिळवला की हा स्वस्तपणा बराच कमी होतो.

गाडी नावावर केली नाही तर काय होते?

‘टीटी फॉर्मवर सह्या आहेत, सावकाश करा’ असे सांगितले जाते. इथेच घोटाळा होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत. विमा नावावर करण्यासाठीही घेणाऱ्याला १४ दिवसांचीच मुदत आहे. तो केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडू शकते. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ नव्या मालकाला मिळत नाही.

नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल दिला. त्यातली गाडी एकामागून एक अनेक हातांत विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावर टाकली. म्हणजे नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्या गाडीपासून दूर राहावे.

जुन्या गाड्यांच्या व्यावसायिकांना आरटीओचे अधिकारपत्र घेण्याचा नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहे. एजंटकडून गाडी घेताना ते अधिकारपत्र दाखवायला सांगावे आणि ज्याच्या नावाने आरसी आहे त्याच्याशी प्रत्यक्ष बोलावे.

किंमत कशी ठरवावी?

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या कारवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्यामुळे जुन्या गाडीची किंमत आजच्या शोरूम दराशी ताडून पाहावी. जुन्या दराचे बिल दाखवून मागितलेली किंमत मान्य करू नये.

आपल्या विश्वासाच्या मेकॅनिकला सोबत न्यावे. तो विक्रेत्याने सुचवलेला नसावा. त्याच्याकडून टायर, बॅटरी, क्लच, बेल्ट, सस्पेन्शन आणि विमा यांचा पहिल्या वर्षाचा खर्च लिहून घ्यावा आणि तो किमतीत धरावा. समजा, गाडी अडीच लाखांना सांगितली आणि लगेच ४० हजारांचे काम आहे, तर ती खरे म्हणजे दोन लाख नव्वद हजारांची गाडी आहे. इसार दिला तर पावती घ्यावी, उरलेली रक्कम बँकेतून द्यावी आणि नाव बदलण्याचा अर्ज दाखल होईपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवण्याचे लेखी ठरवून घ्यावे. ‘आजच घ्या, उद्या जाईल’ असे कोणी म्हटले तरी एक दिवस थांबावे. सव्वा लाखाच्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. हंगामाचा पैसा मात्र वर्षातून एकदाच येतो.