नाजूक त्वचा आणि चाळीस दिवसांची मुदत

रमजानच्या शेवटच्या दिवसांत स्वारगेट परिसरातल्या पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. ईदसाठी गावी निघालेल्या मुली एसटी पकडण्याआधी घाईघाईने वॅक्सिंग उरकून घेतात. आमच्या नात्यातली एक मुलगीही गेल्या वर्षी चांदरातीला अशीच जाऊन आली. ईदच्या सकाळी तिच्या दोन्ही काखा लालबुंद. वर अत्तर लागले आणि आगीचा डोंब उसळला. गळाभेटीसाठी हात उचलवेना. "खाला, मी आता पुन्हा केस काढणारच नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. तिला आम्ही जे सांगितले, तेच इथे देत आहोत.

काखेतले आणि नाभीखालचे केस काढणे ही फितरतची गोष्ट आहे. चाळीस दिवसांपेक्षा जास्त ते राहू देऊ नयेत, असे हदीसमध्ये आले आहे. म्हणजे केस काढणे टाळता येत नाही, पण पद्धत मात्र निवडता येते. काखेतले केस उपटणे ही सुन्नत आहे. तरीही इमाम शाफई ते वस्तऱ्याने काढून घेत. सुन्नत ठाऊक आहे, पण वेदना सोसवत नाही, असे त्यांनीच सांगितल्याची नोंद इमाम नववी यांनी केली आहे. एवढ्या मोठ्या इमामांनी आपल्या शरीराची मर्यादा मान्य केली, तर आपल्या मुलींनी संकोच का करावा?

आता एकेक पद्धत पाहू.

ट्रिमर: नाजूक त्वचेला सर्वांत कमी त्रास याचा. केस मुळापासून निघत नाहीत, थोडे खुंट राहतात. पण त्वचा खरवडली जात नाही.

रेझर: अंघोळीत केस मऊ झाल्यावर, साबणाचा फेस किंवा जेल लावून, केसांच्या दिशेनेच फिरवावा. ब्लेड नवे असावे आणि घरात कोणाशीही वाटून घेऊ नये. रेझरने केस जाड होतात हा गैरसमज आहे. कापलेले टोक बोथट असते, म्हणून ते राठ लागते.

क्रीम: यातला क्षार केसातले केराटिन विरघळवतो. केराटिन त्वचेतही असते. म्हणून आधी हाताच्या छोट्या भागावर लावून चोवीस तास वाट पाहावी. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नये आणि तिथे सांगितलेल्या भागांवरच वापरावे.

वॅक्स: केस मुळापासून निघतात, पण त्वचेचा वरचा थरही ओढला जातो. साखर आणि लिंबाच्या पाकाचा 'हलावा' अरब घरांत जुनाच आहे. तोही गरम लावला तर भाजतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वॅक्स करूच नये. शिवाय नाभीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग दुसऱ्या स्त्रीसमोरही झाकलेला असावा, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. त्यामुळे त्या भागाचे काम ज्याचे त्यानेच करावे.

लेझर: एका बैठकीत काम होत नाही, अनेक बैठका लागतात, केस कमी होतात, कायमचे जातीलच असे नाही. आपल्या सावळ्या त्वचेला चुकीच्या यंत्राने चटके बसून डाग पडू शकतात. म्हणून हे त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे.

पद्धत कोणतीही असो, नंतर एक दिवस अत्तर, डिओ, गरम पाणी आणि घट्ट कपडे टाळावेत. थंड पाण्याची घडी ठेवावी, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर लावावे. पू झाला, ताप आला किंवा काळे डाग वाढत चालले, तर घरगुती लेप लावत बसू नये. मासिक पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, तर दोष केस काढण्याच्या पद्धतीचा नसतो. संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी. स्वारगेटहून पुणे स्टेशनकडे जाणाऱ्या पीएमपी बसने ससून रुग्णालय गाठता येते. तिथे त्वचारोग विभाग आहे.

आणि चांदरातीची वाट पाहू नये. ईदच्या चार-पाच दिवस आधीच हे काम उरकावे. बकरी ईदला कुर्बानी करणाऱ्यांनी तर जिलहजचा चांद दिसण्यापूर्वीच, कारण त्यानंतर कुर्बानी होईपर्यंत केस आणि नखे काढू नयेत असा हुकूम आहे.

आमच्या त्या मुलीने ट्रिमर घेतला. बकरी ईदला तिने सगळ्यांना घट्ट मिठी मारली, तेव्हा आम्ही काही न बोलता फक्त तिच्याकडे पाहून हसलो.