सायकलची जोडी जुळवून घ्या

आपल्या जालना जिल्ह्यात सायकल पुष्कळ कामाला येते. कोणी तिला दुधाची किटली अडकवतो, कोणी शेतावर जातो. मानव विकास कार्यक्रमातून मुलींनाही शाळेसाठी सायकली मिळाल्या. पण एक लहानसा भाग बिघडला, की सायकल भिंतीला टेकून राहते आणि पोरीची शाळा बुडते.

आमच्या शेजारी असेच झाले. पायडल मारताना कटकट वाजू लागले. वडील बाजाराच्या दिवशी नवा एक्सल घेऊन आले. तो काही बसेना. एसटीचे भाडे गेले, दिवसाची मजुरी गेली आणि पोरगी आठ दिवस घरी. चूक कुठे झाली, ते पाहू.

पायडल ज्या दांडीला असते, ती क्रँक. दोन्ही क्रँका ज्या आडव्या दांड्याला जोडतात, तो एक्सल. तो सांगाड्याच्या नळीत, दोन वाट्यांमध्ये छर्ऱ्यांवर फिरतो. जुन्या घडणीच्या काळ्या सायकलीत बहुधा दर बाजूला पाव इंची अकरा छर्रे असतात.

एक्सलच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिल्याचे टोक गोल असते आणि त्याला सपाट खाच असते. क्रँक चढवून त्यात कॉटर नावाची खिळी ठोकतात. तिची एक बाजू उतरती असते. ती खाचेवर पाचरीसारखी दाबून बसते. दुसऱ्याचे टोक चौकोनी व निमुळते. त्याच्या क्रँकचे भोकही चौकोनीच. तिथे कॉटर लागत नाही. या दोघांची सोयरीक जुळत नाही. शेजाऱ्यांची सायकल कॉटरची आणि एक्सल आणला चौकोनी! मग बसेल कसा?

लांबीही पाहावी. एक्सल आखूड पडला तर क्रँक सांगाड्याला घासते. लांब झाला तर दातेरी चाक बाहेर सरकते, चेन तिरपी धावते आणि सारखी पडते.

कॉटर बसवताना दोन्ही उलटसुलट घालावे. एकाचा नट वर, तर दुसऱ्याचा खाली. नाहीतर दोन्ही पायडले समोरासमोर येत नाहीत. ठोकताना क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू द्यावा, म्हणजे मार छर्ऱ्यांवर बसत नाही. आठ दिवसांनी नट पुन्हा आवळावा. वाट्या खोलायच्या असतील तर ध्यानात ठेवा : चेनकडच्या वाटीचे आटे बहुधा उलटे असतात.

ढिली क्रँक तशीच चालवू नये. भोक झिजते आणि मग क्रँकही नवी घ्यावी लागते.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जुना भाग पिशवीत घालून दुकानात न्यावा आणि नव्याशेजारी ठेवून पाहावा. त्यावर अक्षरे, आकडे कोरलेले असले तर कागदावर उतरवून घ्यावेत. शेजाऱ्यांनी दुसऱ्या खेपेला तसेच केले. पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. आपल्यालाही आता लिहितावाचता येते. मग फुकटची खेप कशाला?